पुणे की गोवा? संशोधनाच्या निधीसाठी सायकल काढण्याआधी

वैद्यकीय संशोधनासाठी सायकल चालवून निधी जमवायचा, इथवर ठरलेलं असतं. अडतं ते अंतरावर. मुंबईकरासमोर बहुधा तीन वाटा असतात: एका दिवसात पुणे, पाच-सहा दिवसांत गोवा, नाहीतर महिनाभर थोडं थोडं करून ५०० किमी.

आधी हिशेब. शीवहून पुणे सुमारे १५० किमी. किलोमीटरमागे २० रुपये देणारे दहा जण मिळाले तर ३०,००० रुपये जमतात. पणजी जवळपास ६०० किमी. त्याच दराने एकेकाचे १२,००० होतात, ते ऐकून समोरचा म्हणतो, 'पाच रुपयांनी धर.' अंतर चौपट, निधी तेवढाच. वर मुक्काम, सपोर्ट गाडीचं डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता. हा खर्च देणगीतून काढावा लागणार असेल तर गोव्याचं नाव काढू नका. स्वतःच्या खिशातून करणार असाल तर तसं आधीच सांगा. देणाऱ्याचा हात सैल होतो.

पहिल्यांदा उतरणाऱ्याने पुणेच धरावं. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, त्यामुळे पनवेल, चौक, खोपोली असा जुना रस्ता. खोपोलीनंतर बोरघाटात साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ लागतो आणि खरी परीक्षा तिथेच होते. पनवेलच्या सपाटीवर जोर लावणारे शिंग्रोबाच्या देवळापाशी पायात गोळे येऊन बसतात. पहाटे चारला निघून आठ-साडेआठला खोपोली गाठली तर चढ उन्हाआधी बराचसा मागे पडतो. पुढे ३४ दातांची चक्री आणि मागची सर्वांत मोठी चक्री ३२ दातांची असेल तर गुडघे वाचतात. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच घाला. तासाला अर्धा ते पाऊण लिटर आणि एक-दोन केळी पुरतात. तासन्‌तास घाम गाळत नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी सुरू होते आणि माणूस त्यावर आणखी पाणी पितो.

तयारीला १२ आठवडे धरा. आठवड्याचं अंतर एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका आणि शेवटची लांब राईड १०० किमीची ठेवा. चढाच्या सरावाला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता चांगला.

गोव्याचं दुखणं वेगळं. कशेडी, परशुराम हे घाट निघून जातात, पण तिसऱ्या दिवशी सीटवर टेकवत नाही. शिवण नसलेली पॅडेड चड्डी रोज धुतलेली हवी, म्हणजे दोन तरी लागतात. गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे. पेडल तळाशी असताना पाय किंचितच वाकलेला असावा. किनाऱ्याचा रस्ता सुरेख, पण दिघी, दाभोळ, जयगडच्या खाड्यांवर फेरीबोटीची वाट पाहावी लागते आणि सततच्या चढउतारांमुळे दिवसाला ७०-८० किमी झाले तरी खूप. दोन्ही सफरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

महिन्याभराचे ५०० किमी, म्हणजे रोजचे १७, खर्चाला सर्वांत हलके. मात्र दहाव्या दिवसानंतर लोक विचारत नाहीत. दर रविवारी आकडा कळवायचा चिवटपणा असेल तरच.

पैसा कुठे जातो, हे तिन्ही वाटांना सारखंच महत्त्वाचं. रुग्णालयाला दिलेली देणगी संशोधनालाच जाते असं नाही. ती रुग्णमदतीतही जाऊ शकते. टाटा मेमोरियलचं उदाहरण घ्या: परळला रुग्णालय, खारघरला कर्करोग संशोधनाचं केंद्र. कोणत्या निधीत रक्कम जमा होणार, ते लेखी घ्या. पैसे स्वतःच्या खात्यात गोळा करू नका, नाहीतर पावती तुमच्या नावाने निघते आणि देणाऱ्याची ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत बुडते. ती सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, पॅन द्यावा लागतो आणि २,००० रुपयांवरची रोख चालत नाही. अमेरिकेतला भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल तर अडचण नाही. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची नोंदणी आहे का, ते त्याने पैसे पाठवण्याआधी विचारा.