किचनचा वजनकाटा: आठ महिने वापरल्यावर

जूनमध्ये ऑनलाइन मागवला. 5 किलोपर्यंत मोजणारा, 1 ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा डिजिटल काटा, साडेचारशे रुपयांचा. तेव्हा वय 47, उंची 170 सेंमी, वजन 86.4 किलो. आज 80.8. जाहिरातीत फोटो छापावा असं यात काही नाही, पण मध्ये गणपती आणि दिवाळी येऊन गेली, तेही धरा.

सकाळचा नाश्ता घरात मी करतो. फोडणीचं तेल म्हणजे बरणी कलती करायची आणि मन म्हणेल तिथे थांबायचं. पहिल्या दिवशी रिकामी कढई काट्यावर ठेवली, बटण दाबून शून्य केलं आणि नेहमीसारखं तेल ओतलं. 58 ग्रॅम! पोहे चौघांचे. तेलाच्या ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे प्रत्येकाच्या बशीत 130 कॅलरी नुसत्या फोडणीच्या. मग डोकं चाललं. आमच्याकडे 5 लिटरचा डबा महिन्यात संपायचा. साधारण साडेचार किलो तेल, माणशी रोज 38 ग्रॅम. आणि मी इतकी वर्षं भातावर राग काढत होतो. आता तोच डबा दीड महिना पुरतो. 25 ग्रॅम तेलात पोहे होतात. कांदा परतताना पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं, एवढंच.

दुसरा दणका एकादशीला. एका माणसाच्या खिचडीला कोरडा साबुदाणा 75 ग्रॅम, दाण्याचं कूट 30, तूप 15, वर बटाटा. बेरीज सहाशेच्या पुढे. उपास म्हणे!

भाताच्या बाबतीत मात्र मी स्वतःच गाढवपणा केला. शिजलेला भात तोलायचो आणि आकडा कच्च्या तांदळाचा लावायचो. कच्च्या 100 ग्रॅमला साधारण 350 कॅलरी, शिजलेल्याला पाणी धरून 130 च्या आसपास. तीन आठवडे अर्धपोटी राहिलो, चिडचिड घरच्यांनी सोसली. नव्याने घेणाऱ्यांनी जिन्नस कच्चाच तोलावा.

काट्याबद्दल तक्रारी आहेत. तापलेली कढई वर ठेवता येत नाही, म्हणून मी बरणीच ठेवतो, शून्य करतो, तेल ओतून परत ठेवतो. किती गेलं ते उणे चिन्हासकट दिसतं. पण दोन मिनिटांत काटा आपोआप बंद होतो. मोहरी तडतडेपर्यंत शून्य पुसलेलं, की पुन्हा अंदाजपंचे. दुसरं, मीठ-हळद चिमटीचिमटीने घातली तर त्याला कळतच नाही, आकडा हलत नाही. त्याचा वजन कमी करण्याशी संबंध नाही म्हणा. दोन पेन्सिल सेल एकदाच बदलले.

आईला सुरुवातीला हे अजिबात पटलं नाही. "पोटाला काय वाण्याचं दुकान समजतोस?" म्हणायची. दिवाळीत तीच बेसनाच्या लाडवांचे गोळे काट्यावर ठेवून सारखे करत बसली होती. एक लाडू 40 ग्रॅम. तो आकडा मी विचारला नव्हता.

बाहेर काटा उपयोगाचा नाही. रविवारची मिसळ तोलून कोण खातं? नाशिकात राहून मिसळ सोडणं मला जमणार नाही. त्या दिवशी रात्री ताक आणि मुगाचं धिरडं. सोमवारी वजन अर्धा-पाऊण किलो जास्त दिसतं, ते बहुतेक मिठामुळे धरलेलं पाणी, बुधवारपर्यंत उतरतं. हे माहीत नव्हतं तेव्हा सोमवारी उपाशी राहायचो आणि मंगळवारी दुप्पट खायचो.

डिसेंबरपासून सगळं तोलणं बंद केलं. पोळी, भाजी, वरण आता नजरेला कळतं. तेल, कूट, शेंगदाणे आणि फरसाण मात्र अजूनही तोलतो, कारण तिथे माझी नजर सोयीस्कर चुकते. ज्यांना प्रत्येक घासाला आकडा दिसायला लागून जेवणाचीच धास्ती वाटते, त्यांनी हा घेऊ नये. माझंही ऑक्टोबरमध्ये तसं व्हायला लागलं होतं, लेकीच्या लक्षात आलं.

पाचपैकी चार. एक कापला तो त्या दोन मिनिटांसाठी. घेताना आपोआप बंद व्हायची वेळ किती आहे ते आधी विचारा.