वाइन आणि जेवणाची सांगड अनुभवण्यासाठी: सुला की व्हॅलोने?

नाशिक जिल्ह्यातील वायनरीत, म्हणजे वाइन बनवण्याच्या ठिकाणी, नुसता फेरफटका न मारता कोणत्या पदार्थासोबत कोणती वाइन शोभते हे जेवताना समजून घ्यायचे असेल, तर सुला आणि व्हॅलोने या दोन ठिकाणांमधील फरक आधी लक्षात घ्यावा. एकाच दिवसात दोन्ही उरकण्याचा बेत आखू नये, कारण चार-पाच वाइन चाखल्यानंतर जीभ थकते आणि पुढच्या घोटाला न्याय मिळत नाही.

गंगापूर धरणाच्या परिसरातील सुला नाशिक शहरापासून जवळ आहे. २००५ मध्ये देशातील पहिली टेस्टिंग रूम, म्हणजे वाइन चाखण्याची खोली, येथे सुरू झाली आणि आजही नवख्या माणसाला पोलादी टाक्या, ओकची पिंपे व चाखण्याची रीत समजून घेण्यासाठी हीच जागा सोयीची आहे. मात्र सुट्टीच्या दिवशी येथे मोठी गर्दी उसळते. शिवाय चाखणे टेस्टिंग रूममध्ये आणि जेवण उपाहारगृहात असे सहसा होत असल्याने घास आणि घोट यांची गाठ आपली आपणच घालावी लागते.

इगतपुरी तालुक्यातील व्हॅलोने मुकणे धरणाच्या जलाशयाजवळ असून मुंबईहून येणाऱ्यांना ती नाशिकच्या अलीकडेच लागते. ही लहान वायनरी आहे. व्हियोन्ये, मालबेक अशा आपल्याकडे कमी आढळणाऱ्या द्राक्षांच्या वाइन येथे मिळतात आणि निवांतपणे प्रश्न विचारता येतात. ज्यांचा मुख्य हेतू सांगड समजून घेणे हाच आहे, त्यांनी व्हॅलोनेच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या मित्रमंडळींसह जाणाऱ्यांना आणि ज्यांना उत्साही वातावरण हवे आहे त्यांना सुला अधिक मानवेल.

निवड कोणतीही असो, आपल्या मसालेदार जेवणाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रेड वाइनमधील टॅनिन हा तुरट घटक द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. त्याने तोंड कोरडे पडते आणि मिरचीचा दाह अधिकच जाणवतो. म्हणून काळ्या मसाल्याच्या झणझणीत मटणासोबत कॅबर्ने ही रेड वाइन मागवण्याऐवजी किंचित गोडसर, थंडगार शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन घेऊन पाहावी: गोडव्याने तिखट निवते आणि मसाल्याचा सुगंध मागे राहतो. कोथिंबीर वडीसोबत सोव्हिन्यों ब्लांक ही व्हाइट वाइन फार छान जुळते, कारण तिच्यातील हिरवट गंध कोथिंबिरीशी मिळतो आणि आंबटपणा तळणाचा तेलकटपणा कापतो. गोड पदार्थासोबतची वाइन मात्र त्या पदार्थाहून गोड असावी, नाहीतर ती नुसती आंबट लागते. सुलाची लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड) शेनिन ब्लांक यासाठीच मागवावी.

नोंदणी करताना प्रत्येक पदार्थासोबत त्याची वाइन वाढली जाते की आधी सगळे प्याले आणि मग एकच ताट येते, हे फोनवर विचारून घ्यावे. द्राक्षतोडणी पाहायची असल्यास जानेवारी ते मार्च हा काळ योग्य आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे तोडणीनंतरची वेलींची मोठी छाटणी, झाल्यावर वेलींवर पाहण्यासारखे फारसे उरत नाही. महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. परतीच्या प्रवासात गाडी चालवण्यासाठी न पिणारा माणूस किंवा भाड्याचा चालक आधीच ठरवून ठेवावा.