सोयाबीनपासून तुरीपर्यंत टॅम्परमंकी: स्क्रिप्ट बंद पडली की मी काय बघतो

आडतीत हिशेब लिहिणाऱ्या माणसाला युजरस्क्रिप्ट (वेबपान आपल्याला हवं तसं बदलणारा छोटा प्रोग्राम) कशाला लागते, असं मालकांनीही विचारलं होतं. काम साधं आहे. भाव दाखवणाऱ्या साइटवर राज्यभरच्या बाजार समित्या आणि सगळा शेतमाल एकाच टेबलात येतो. मला हवेत सोयाबीन, तूर, हरभरा, तेही लातूर, उदगीर, हिंगोलीचे. बाकीच्या ओळी झाकायच्या आणि सर्वसाधारण दरातून हमाली-तोलाई वजा करून शेजारी आकडा दाखवायचा. सोयाबीनची आवक सुरू झाली तेव्हापासून वापरतोय, आता तूर आली. समाधानी आहे. एकच अडचण: स्क्रिप्ट बंद पडते तेव्हा गुपचूप पडते.

अशा स्क्रिप्ट चालवतं ते टॅम्परमंकी, ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेन्शन. म्हणून आधी त्याच्या आयकॉनवरचा आकडा बघतो. त्या पानावर किती स्क्रिप्ट चालू आहेत ते तिथं दिसतं. आकडाच नसेल तर कोडला हात लावू नका, स्क्रिप्ट सुरूच झालेली नाही. क्रोममध्ये १३८ व्या आवृत्तीपासून एक्स्टेन्शनच्या तपशील पानावर युजरस्क्रिप्टना परवानगी देणारं वेगळं बटण आहे. त्याआधी डेव्हलपर मोड चालू करावा लागे. नव्या कॉम्प्युटरवर हमखास इथंच अडतं. परवानगी असेल तर मॅचची ओळ बघा, म्हणजे स्क्रिप्ट कोणत्या पत्त्यावर चालवायची ते सांगणारी ओळ. साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेली, किंवा पत्त्यातलं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू गळालं, तरी जुनी ओळ जुळत नाही.

रिफ्रेश केलं की चालते, मेनूतून आलं की चालत नाही, अशीही एक तऱ्हा असते. आजकालच्या बऱ्याच साइट पान नव्यानं लोड न करता आतला मजकूर तेवढा बदलतात, पण स्क्रिप्ट सुरू होते ती पान लोड होताना. मॅच अख्ख्या साइटला लावा आणि पत्ता स्क्रिप्टच्या आत तपासा.

आकडा दिसतो, तरी टेबल जसंच्या तसं? मग एफ१२ दाबून कन्सोल उघडा, स्क्रिप्टच्या चुका तिथं दिसतात. पुष्कळदा स्क्रिप्ट टेबलाच्या आधी पोहोचलेली असते. तीन सेकंद थांबायला सांगणं हा उपाय नेटवर सगळीकडे मिळतो. सौद्याच्या वेळी नेट रांगत असताना तो कुचकामी आहे. पानातला बदल टिपणारा म्युटेशन ऑब्झर्व्हर लावला की टेबल येईल तेव्हा काम होतं.

खरी डोकेदुखी मात्र मराठी साइटवरच भेटते, आणि इंग्रजी मदतपानांवर तिचं नावही नसतं. काल 'तूर' होतं, आज कुणीतरी 'तुर' भरलं. 'सोयाबीन'चं 'सोयाबिन' झालं. स्क्रिप्टला ते वेगळे शब्द, ओळ गायब. त्याहून बेक्कार म्हणजे आकडे. साइटनं अंक देवनागरी केले, की मजकुरातून आकडा काढणाऱ्या पार्सफ्लोट या फंक्शनला ४८५० हा आकडाच वाटत नाही, ते 'नॅन' (म्हणजे आकडा नाही) देतं. ते निदान डोळ्याला दिसतं. पण इंग्रजी अंकांत हजारानंतर स्वल्पविराम आला, तर पार्सफ्लोट पहिल्या चारावरच थांबतं आणि स्क्रिप्ट क्विंटलचा भाव चार रुपये धरून हिशेब करते. अशी स्क्रिप्ट बंद पडलेली बरी! आता मी आधी स्वल्पविराम काढतो, देवनागरी अंक बदलतो, आणि भाव हजाराच्या आत आला तर लाल रंगात दाखवतो.

नेटवरून आयती स्क्रिप्ट घ्याल तर तिचं वय बघा. २०१७ साली फायरफॉक्स ५७ आलं, त्या सुमारास ग्रीजमंकी ४ नं (टॅम्परमंकीसारखंच फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन) जुनी फंक्शन बदलली आणि त्याआधीच्या कितीतरी स्क्रिप्ट तिथं चालेनाशा झाल्या. टॅम्परमंकीत त्यातल्या बऱ्याच चालतात. आणि मॅचमध्ये सगळ्याच साइट मागणारी स्क्रिप्ट बँकेचं काम होतं त्या ब्राउझरमध्ये नकोच.

मालकांना हेच मोबाइलवर हवं होतं. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत, म्हणून फायरफॉक्स टाकून त्यात टॅम्परमंकी घेतलं. टेबल आडवं सरकवावं लागतं, पण सौद्याला उभं राहून बघायला तेवढं पुरतं.