चित्र गुंडाळून पाठवावं की सपाट?

घरून स्वतःच्या चित्रांच्या प्रिंट्स विकायला लागलं की छपाईचं गणित लवकर बसतं. घोळ होतो तो पॅकिंगचा. प्रिंट नळीत गुंडाळून पाठवायची, की दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट? मी दोन्ही प्रकारे पाठवत आलोय आणि आजही पाठवतो. माझा कल लपणार नाही, पण तुमचा कागद आणि तुमचं गिऱ्हाईक वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं. मी बोलतोय ते ए-४ ते ए-२ (ए-४ च्या चौपट) मापांबद्दल आणि २०० ते ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम भरणाऱ्या, मॅट (चकाकी नसलेल्या) कागदाबद्दल. पोस्टकार्डं आणि स्टिकर जाड लिफाफ्यात जातात, त्यांचा प्रश्नच नाही.

नळीचा मोह मला पूर्ण समजतो. पाच मिनिटांत पार्सल तयार होतं, आणि कुणी त्यावर खोकं आदळलं तरी आतल्या चित्राला बहुधा काही होत नाही. शिवाय नळ्या विकतच घ्याव्या लागतात असंही नाही. कापडाच्या दुकानात ताग्यांच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या निघतात, फ्लेक्स छापणाऱ्यांकडे रोल संपल्यावर रिकाम्या नळ्या पडून असतात. ओळख असेल तर चहाच्या पैशांत मिळतात. करवतीने मापाला कापायच्या आणि आतला भुसा नीट झटकायचा, नाहीतर तो मॅट कागदावर ओरखडे काढतो. टोपणं मात्र विकतचीच घ्या आणि त्यावरून टेप आडवी-उभी फिरवा. नुसतं बसवलेलं टोपण वाटेत निघतं.

सपाट पॅकिंग म्हणजे कटरचं काम. तीन पदरी पुठ्ठ्याचे दोन तुकडे, एकाच्या पन्हळी (आतल्या नागमोडी पदराच्या रेषा) उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. दोन्हींच्या पन्हळी एकाच दिशेने गेल्या तर पार्सल त्या रेषेवर अलगद दुमडतं. आडव्या-उभ्या ठेवल्या की दुमडायला जोर लागतो. प्रिंट पारदर्शक पाकिटात, पाकीट कागदी कोपऱ्यांनी पुठ्ठ्याला अडकवलेलं, आणि चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर मोकळी जागा. ती जागा महत्त्वाची. पार्सल कोपऱ्यावर आपटतंच, तेव्हा चेपायला पुठ्ठा हवा, चित्र नको. हे सगळं करायला नळीच्या तिप्पट वेळ जातो असा माझा अंदाज आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तो वेळ फार जाणवतो.

खर्चात नळी स्वस्त पडते असं सगळे गृहीत धरतात. ए-३ पर्यंत मला तरी तसं दिसलं नाही. बहुतेक कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार ५००० ने भागून किलोतलं वजन काढतात आणि खरं वजन व हे वजन यांतलं जे जास्त त्यावर पैसे घेतात. ए-३ चं सपाट पार्सल ३४ × ४६ × १.५ धरलं तर येतात सुमारे ४७० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या आत. तेच सढळ हाताने ३५ × ४८ कापलं तर ५०४, आणि गेलात वरच्या टप्प्यात! साडेसात सेंटिमीटर व्यासाची, ३४ सेंटिमीटर लांबीची नळी सुमारे ३८० ग्रॅमला बसते. म्हणजे दोन्ही एकाच दरात. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे पोस्टाच्या खिडकीवरचाही एक पर्याय कमी झालाय. तरी आडगावचा पिनकोड असला की मी अजून पोस्टाकडेच वळतो.

आता ज्या एका कटकटीमुळे माझं पारडं झुकलं ती सांगतो. नळीतली प्रिंट आत गेल्यावर सैल होते, उलगडू पाहते आणि नळीच्या आतल्या भिंतीला घट्ट चिकटून बसते. गिऱ्हाईक टोपण काढतं, आत दोन बोटं घालतं, कागदाची कड चिमटीत धरतं आणि ओढतं. जाड कागद चिमटीत असा वाकला की त्यावर नखाएवढी अर्धचंद्राकृती मोड पडते. ती मोड कशानेही जात नाही. मॅट काळ्या किंवा गडद निळ्या भागावर आली तर उजेडात लांबूनही दिसते. मग फोटो येतो: ‘दादा, प्रिंट अशीच आली.’ आता यात चूक कुणाची? नळी शाबूत, कुरिअरवाल्याने काम चोख केलेलं, गिऱ्हाइकाने जे कुणीही करेल तेच केलेलं. नवी प्रिंट मात्र माझ्या खिशातून जाते.

यावर उपाय नाहीत असं नाही. प्रिंट बटर पेपरमध्ये गुंडाळून त्या कागदाचं शेपूट नळीच्या तोंडापर्यंत ठेवायचं, गुंडाळी नळीपेक्षा बोटभर बारीक करून कागदी पट्टीने बांधायची, टोपणावर ‘बटर पेपर धरून ओढा’ असं लिहायचं. मी हे सगळं करतो आणि तक्रारी कमी झाल्या आहेत. पण वाढदिवसाचं पार्सल फोडताना सूचना कोण वाचतं?

शिवाय प्रिंट सुखरूप बाहेर आली तरी ती सरळ होत नाही. मोठ्या छपाईयंत्रावर रोलच्या कागदावर छापून घेतली असेल तर कागदाला मुळातच बाक असतो, नळी त्यात भर घालते. लोक शब्दकोशांखाली दाबून ठेवतात, गादीखाली घालतात. एका ताईंनी तर विचारलं होतं, ‘वरून हलकी इस्त्री फिरवू का?’ नको, कृपा करून नको. फ्रेमवालाही कुरकुरतो, कारण काचेमागे मधोमध फुगवटा राहतो, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो आणखी वाढतो.

सपाट पार्सलला दुखणी नाहीत असं कसं म्हणू? पावसात पुठ्ठा मऊ पडतो, म्हणून बाहेरून प्लास्टिकचं पाकीट लागतंच. कुणी नसेल तर डिलिव्हरीवाला ए-४ चं पार्सल दाराच्या जाळीत वाकवून खुपसून जातो. ‘घडी घालू नका’ हे मी मोठ्या अक्षरांत लिहितो. त्याने किती फरक पडतो ते देव जाणे. पण इथे नुकसान झालं तर ते बाहेरूनच दिसतं. पुठ्ठा मोडलेला असतो, फोटो काढता येतो, कुरिअरवाल्याकडे तक्रार करता येते. आणि नीट पोचली तर गिऱ्हाईक ती त्याच दिवशी फ्रेमला देऊ शकतं.

ए-२ ला मात्र मी नळीच वापरतो. तेवढा मोठा सपाट पुठ्ठा मधे लवतो आणि ४७ × ६४ × १.५ या मापाने वजन ९०० ग्रॅमवर जातं, जिथे सात सेंटिमीटर व्यासाची ४७ सेंटिमीटरची नळी अर्ध्या किलोच्या आत राहते. त्यासाठी थोडा पातळ कागद घेतो, चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळतो म्हणजे उलगडल्यावर कोपरे टेबलाकडे वळतात, आणि ऑर्डर घेतानाच कळवतो की प्रिंट गुंडाळून येईल, फ्रेमवाल्याला आधी सांगून ठेवा. काही जण तेवढं ऐकून ए-३ वर येतात. मला ते चालतं.