पूर्व भागातील आधार केंद्र: सेवा उत्तम, जुना आक्षेप अजून उभा

सोलापूरच्या पूर्व भागातील ज्या आधार केंद्रात आमच्या घरची कामे होतात, तेथील सेवा उत्तम आहे. दरपत्रक दर्शनी भागात लावलेले आहे, पावती न मागता मिळते आणि मुलांच्या पाचव्या व पंधराव्या वर्षांच्या बायोमेट्रिक नोंदीसाठी पैसे घेतले जात नाहीत. बसायला जागा मात्र अपुरी आहे.

या केंद्राची खरी कसोटी लागते ती विडी कामगार महिलांच्या बाबतीत. तेंदूपत्ता कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून वर्षानुवर्षे विड्या वळणाऱ्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. माझ्यासमोर एका आजींचा अंगठा यंत्र घेईना, तेव्हा तेथील मुलाने ओल्या फडक्याने त्यांची बोटे पुसली, ‘अम्मा’ म्हणत तेलुगूतून धीर दिला, एकेक बोट हलकेच काचेवर टेकवले आणि बुबुळांची नोंदही काळजीपूर्वक घेतली.

ही अडचण येणार, हे संसदेत फार पूर्वीच मांडले गेले होते. काँग्रेसच्या नेतृत्वाखालील यूपीए सरकारने 2009 मध्ये आधारसाठी प्राधिकरण स्थापन केले आणि 2010 च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिला क्रमांक दिला. भाजपचे तेव्हाचे नेते यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर 2011 मध्ये त्यासंबंधीचे विधेयक नाकारले. अंगमेहनत करणाऱ्यांचे ठसे जुळण्यात अडचण येईल, हा मुद्दा त्या अहवालात होता. 2014 च्या प्रचारात नरेंद्र मोदी यांनीही आधारच्या सुरक्षिततेविषयी जाहीर प्रश्न विचारले होते. सत्तेवर आल्यावर मात्र त्यांच्या सरकारने आधार गुंडाळले नाही, उलट 2016 मध्ये कायदा करून त्याला बळकटी दिली. ज्या काँग्रेसने ही योजना आणली, त्याच पक्षाचे जयराम रमेश तो कायदा धन विधेयक (म्हणजे राज्यसभा अडवू शकत नाही असे विधेयक) म्हणून मंजूर केल्याच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले.

योजना पुढे चालवली, याबद्दल माझी तक्रार नाही. कोट्यवधी लोकांची नोंदणी झालेली असताना ती मोडीत काढणे म्हणजे जनतेचाच पैसा पाण्यात घालणे ठरले असते. परंतु विरोधी बाकांवरून घेतलेला आक्षेप मनापासूनचा असेल, तर सत्ता हाती आल्यावर आधी त्याचेच निवारण व्हायला हवे होते. रेशनच्या दुकानात ठसा जुळला नाही म्हणून आजही एखाद्या आजीला ताटकळावे लागते, आणि धोरणातली ही उणीव भरून काढण्याचे ओझे अशा केंद्रातील एखाद्या समजूतदार मुलाच्या माथी येते, हे मला अजिबात मान्य नाही.

ज्यांच्या घरी विडी वळणाऱ्या किंवा वयोवृद्ध व्यक्ती आहेत, त्यांनी येथे ठशांबरोबर बुबुळांची नोंदही अद्ययावत करून घ्यावी, मोबाइल क्रमांक जोडून घ्यावा आणि कागदपत्रांच्या मूळ प्रती घेऊन शक्यतो सकाळीच जावे.