मानेतली गाठ: सोनोग्राफी, सीटी की पेट स्कॅन?

गालातल्या जखमेच्या बायोप्सीत कॅन्सर निघाला की जळगाव-धुळ्याकडच्या घरांत पुढचा प्रश्न ठरलेला: मानेत उतरलंय का? लगेच कुणीतरी म्हणतं, "नाशिकला जाऊन पेट स्कॅनच करून टाका." आमच्या जिभाऊंच्या वेळी ते म्हणणारा मीच.

चोपड्याहून रात्रीच्या एसटीनं निघालो. पहाटे स्टँडवर जिभाऊंनी गोड चहा मारला, मीही अडवलं नाही. सेंटरवर शुगर 260. ती सहसा 200च्या आत लागते, कारण पेटमध्ये टोचतात ते किरणोत्सर्गी साखरेसारखं औषधच. आल्या पावली परत. शिवाय कॅन्सरच नाही, टीबीची किंवा साध्या सुजेची गाठही त्यात चमकते.

दात किडला तरी अवधाण, म्हणजे सुजेची गाठ, येतंच की. सीटीची हीच अडचण: ते मुख्यतः आकार बघतं, साधारण 10 मिलिमीटरपुढची गाठ संशयित धरतं. पण जबड्याचं हाड पोखरलंय का, हे सर्जनला त्यातच नीट दिसतं, म्हणून ते टळत नाही. सीटीआधी शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देतात, त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या. जिभेच्या कॅन्सरला एमआरआय सरस. पेसमेकर असेल तर आधी सांगा.

सोनोग्राफी स्वस्त म्हणून लोक तिला हलकी समजतात. माझ्या मते मानेसाठी सुरुवात तिथूनच करावी. गाठ घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट की वाटाण्यासारखी गोल, मधला चरबीचा पांढरा पट्टा शाबूत की पुसलेला, हे ती दाखवते. आणि संशय आला तर तिच्याच आधारानं सुई घालून एफएनएसी, म्हणजे गाठीतल्या पेशी काढून तपासणी, होते. मात्र बघणारा हात सरावलेला हवा, आणि घशामागच्या खोल गाठी तिला दिसत नाहीत.

पेटचे पैसे खरे वसूल होतात ते आजार पुढे गेलेला असेल, मूळ जागा सापडत नसेल किंवा केमो-रेडिएशननंतर 12 आठवड्यांनी काही उरलंय का बघायचं असेल तेव्हा.

सगळं कोरं आलं तरी सर्जन मान उघडू म्हणाले, तर दचकू नका. परळच्या टाटा मेमोरियलच्या 2015 साली छापून आलेल्या अभ्यासात, तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा आणि तपासणीत मानेत गाठ न लागलेल्या 500 रुग्णांपैकी ज्यांच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, त्यांतले 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत वाट पाहिलेल्यांत 67.5 टक्के.

जिभाऊंची सोनोग्राफी आणि सुई शेवटी जळगावातच झाली. मोठ्या गाठीत नुसती सूज निघाली. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात कॅन्सर सापडला तो शेजारच्या 6 मिलिमीटरच्या गाठीत.