झाकण मिटल्यावर लॅपटॉपने काय करावं: स्लीप, हायबरनेट की शटडाउन?

विंडोजमध्ये पॉवरची सेटिंग्ज दोन ठिकाणी विखुरलेली आहेत: काही नव्या सेटिंग्जमध्ये, काही जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये. त्यातली बरीचशी आहेत तशी राहू दिली तरी काही बिघडत नाही. पॉवर मोडही बॅलन्स्डवरच राहू द्या. ठरवायचं ते एवढंच की झाकण मिटल्यावर मशीनने काय करायचं.

स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्येच (चालू काम धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीत) राहतं आणि ती रॅम जिवंत ठेवायला थोडी थोडी बॅटरी जात राहते. झाकण उघडलं की काम लगेच समोर. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवरच्या एका फाइलीत उतरवला जातो आणि मशीन पूर्ण बंद होतं. सुरू व्हायला स्लीपपेक्षा जास्त वेळ लागतो, पण एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर चालणारी वेगवान डिस्क) असेल तर वैताग येण्याइतका नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण स्लीपच्याच दोन जाती आहेत आणि खरा घोळ तिथे आहे. जुन्या एस३ स्लीपमध्ये रॅम सोडून जवळपास सगळं बंद होतं. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एस०, म्हणजे मॉडर्न स्टँडबाय असतो: स्क्रीन काळी, पण आतून मशीन फोनसारखं अर्धवट जागं. सगळं नीट चाललं तर उत्तम. एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा अ‍ॅप झोपायला तयार नसेल, तर मात्र बॅगेतून लॅपटॉप गरम निघतो आणि रात्री भरलेली बॅटरी सकाळी निम्मी झालेली असते. आपल्याकडे कोणती जात आहे ते पाहायला कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘पॉवरसीएफजी /ए’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत (powercfg /a) द्या. उत्तरात उपलब्ध प्रकारांची यादी येते; त्यात एस० आहे की एस३, एवढंच बघायचं.

एस० असेल तर माझा कौल स्पष्ट आहे. झाकणाच्या सेटिंगमध्ये दोन रकाने असतात. ‘ऑन बॅटरी’खाली हायबरनेट ठेवा, ‘प्लग्ड इन’खाली स्लीप. एस३ असेल तर दोन्हीकडे स्लीप चालेल. सोबत ‘हायबरनेट आफ्टर’ला दोन-तीन तास द्या, म्हणजे विसरलेला लॅपटॉप आपणहून पूर्ण बंद होईल. ‘डू नथिंग’ फक्त बाहेरचा मॉनिटर जोडून झाकण मिटून काम करणाऱ्यांसाठी, आणि तेही प्लग्ड इनच्याच रकान्यात.

हायबरनेटच्या वारंवार लिखाणाने एसएसडी झिजते ही भीती फार ताणलेली आहे. १६ जीबी रॅमच्या मशीनवर ती फाइल सहसा साडेसहा जीबीच्या आसपास असते. दिवसातून दोनदा पूर्ण लिहिली गेली तरी वर्षाला पाच टेराबाइटच्या आत. साध्या एसएसडीसुद्धा याच्या कितीतरी पट लिखाण सोसतात.

राहिलं शटडाउन. २०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं आणि शटडाउन पूर्वीसारखं राहिलं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तुमची अ‍ॅप्स बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरनेट होतो. म्हणून रात्री ‘बंद’ केलेल्या मशीनचा टास्क मॅनेजरमधला अपटाइम (मशीन सलग किती वेळ चालू आहे तो आकडा) कित्येक दिवसांचा दिसतो. काही अडलं तर रीस्टार्ट करा, ते खरोखर नव्याने सुरू होतं. शिफ्ट दाबून शटडाउन निवडलं तरी पूर्ण बंद होतं. त्याच लॅपटॉपवर लिनक्सही असेल तर फास्ट स्टार्टअप काढूनच टाका, नाहीतर विंडोजच्या ड्राइव्हवर तिकडून लिहिता येत नाही.

हायबरनेटचा पर्याय पॉवरच्या मेनूत नसेल तर तो बहुधा नुसता लपवलेला असतो. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, मग पॉवर बटणांची कामं ठरवण्याचा दुवा. खालचे चौकोन आधी फिकट दिसतील. वरच्या, सध्या बदलता न येणारी सेटिंग्ज बदला, अशा अर्थाच्या ओळीवर क्लिक केलं की ते उघडतात. हायबरनेटवर टिक करा आणि सेव्ह करा. फास्ट स्टार्टअपचा चौकोनही तिथेच आहे.